सुई नसलेला दोरा

मासान, २९ ऑक्टोबर

ताई,

अक्षर ओळखलंस ना? तूच गिरवून घेतलं होतंस, चुलीतला कोळसा हातात देऊन. अकरा वर्षांनी ते तुझ्या दारात येतंय, तेव्हा पाकीट न फोडता चुलीत घालू नकोस. आधी वाच, मग घाल.

फोन करता आला असता. पण फोनवर तू विचारशील, "जेवलीस का?" मी म्हणेन, "जेवले." पुढे तू गप्प, मी गप्प, आणि शेवटी दोघी एकदमच "बरं, ठेवते" म्हणू. कागदावर निदान सगळं सांगून होईल.

गोष्ट दाढेची आहे. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. मुळाशी पू झालाय, ती काढायची आहे. सगळ्या जगाच्या दाढा निघतात. माझी निघत नाही, कारण दाढेच्या आधी हिरडीत भुलीची सुई येते, आणि सुई आली की मी जाते.

गेल्या मंगळवारी मी धीर करून खुर्चीत बसले होते. नर्सनं गळ्यात कागदी लाळेरं अडकवलं, तोंडावर मधे भोक असलेलं हिरवं कापड घातलं. कापडाखालून काही दिसेना. ताटलीत काहीतरी ठेवल्याचा खण्ण आवाज तेवढा आला. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. मी भानावर आले तेव्हा बाजाराच्या तोंडाशी उभी होते, गळ्यात लाळेरं आणि पायात दवाखान्याच्या सपाता.

माझ्या समोरच्या गाळ्यात पिल्रे मासळी विकते. तिनं सुरी खाली ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "लाळेरं लावून कुठं निघाली आमची तान्ही? भरवायला कुणी नाही वाटतं घरी!" सपाता परत करायलाही तीच गेली. मला त्या रस्त्यानं जायची लाज वाटत होती.

सत्तावीस वर्षं मी या बाजारात किमची आणि लोणच्या-भाज्यांचं दुकान चालवतेय. जिवंत खेकड्यांच्या नांग्या मोडते. नवरा गेल्यावर त्याचं सगळं मी एकटीनं उरकलं. आणि सुईपुढे माझी पाचावर धारण बसते. हे कुणाचं देणं आहे ते तुला सांगायची गरज नाही. पोटात जरा जड झालं की तू मला परसातल्या पर्सिमनच्या झाडाभोवती पळवून पकडायचीस, दंड चोळत चोळत रक्त अंगठ्यात आणायचीस, अंगठ्याला दोरा गुंडाळायचीस, सुई केसांतून फिरवायचीस आणि नखाच्या खाली टच्च. काळं रक्त आलं की म्हणायचीस, "बघ, अडकलं होतं ना?" सहा वर्षांची असल्यापासून मी हे भोगलंय. तू मला भित्री केलंस, ताई. हे कधीतरी लिहून टाकायचं होतं, आज टाकलं.

इथं पत्र संपवून पाकीट चिकटवणार होते. पिल्रेनं मागून डोकावून वाचलं. म्हणाली, "म्हातारे, नुसतं शेपूट पाठवतेस होय? मासा कुठाय?"

तर मासा असा. माझ्या हृदयाची एक झडप कडक झालीय, नीट उघडत नाही. तेरा डिसेंबरला छाती उघडून ती बदलायची आहे. पण तोंडात पू असेपर्यंत मोठ्या इस्पितळातले डॉक्टर छातीला हात लावणार नाहीत. दाढेतली घाण रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसते म्हणे. बावीस नोव्हेंबरच्या आत दाढ निघायला हवी, म्हणजे जखम भरायला तीन आठवडे मिळतील. नाही निघाली तर तारीख गेली, आणि पुढच्या तारखेपर्यंत झडप थांबेल असं कुणी छातीठोक सांगत नाही. पूर्ण बेशुद्ध करून दाढ काढा म्हटलं, तर म्हणाले, या हृदयाला बेशुद्ध करायचं ते एकदाच, दाढेसाठी नाही.

रक्त तपासायला घेतलं तेव्हा दोन नर्सा आणि पिल्रे यांनी मिळून मला धरलं होतं. हातपाय दुसऱ्याला धरता येतात. तोंड मात्र ज्याचं त्यानंच उघडावं लागतं.

तुझ्याकडून काही नको. कळवलं, एवढंच.

म्योंगरे


मासान, ७ नोव्हेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की माझा मुळा चिरायचा थांबतो.

काल पुन्हा गेले होते. या खेपेला पिल्रे बरोबर होती, दाराला पाठ लावून उभी. डॉक्टर बांग म्हणून पोरगेलीशी बाई आहे, राजधानीत शिकून आलेली. मी आधीच सांगितलं, कापड नको. तिनं लगेच बाजूला ठेवलं. मग स्टुलावर माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी खोटं सांगणार नाही. आधी हिरडीला मलम लावीन, त्यानं वरची कातडी बधिर होईल. तरी टोचेल. मी हळू तीन मोजीन, तेवढंच टोचेल. तुम्ही डावा हात वर केलात की मी थांबणार. कितीही वेळा."

माणूस इतकं सरळ बोललं की मला रडू येतं. मी चौदा वेळा हात वर केला. ती चौदा वेळा थांबली. पंधराव्या वेळी मी हात वर केला नाही, तोंडच मिटलं. आत तिचं बोट होतं.

"आई गं!" डॉक्टरीणबाई ओरडली.

पिल्रे दारातून म्हणाली, "मासा गळ गिळताना सुद्धा एवढं घट्ट तोंड मिटत नाही गं बाई! डॉक्टर, बोट शाबूत आहे का? हिची दाढ किडलीय म्हणून वाचलात."

बोट शाबूत होतं. मी शंभरदा माफी मागितली. ती हातमोजा काढून बोट चोळत हसत होती. म्हणाली, "चावा तरी छान बसतो तुमचा. आता मी दिवस ठरवत नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा या. बावीस तारखेआधी." जाताना तिनं गार पाण्याचा ग्लासही दिला. घरच्या माणसानं सुद्धा मला हाकललं असतं.

आता दोन गोष्टी लिहिते. मागच्या पत्रात त्या टाळल्या होत्या.

एक, ते हिरवं कापड. मी सुईच्या आवाजानं पळाले असं लिहिलं, ते अर्धं खरं. कापड तोंडावर आलं तेव्हा मला आई दिसली. तू तिच्या तोंडावर कापड ओढत होतीस, आणि मी मासानहून पोचले होते ती नेमकी तेव्हा.

दुसरी, हे हृदयाचं दुखणं कसं कळलं ते. सप्टेंबरात सण झाला, त्यानंतर माझी छाती जड झाली. घाम, मळमळ, धड ढेकर येईना. मला काय वाटलं असेल सांग बघू? अपचन. तांदळाचे लाडू जास्त झाले. दोन दिवस मी खालून तापवलेल्या जमिनीवर पडून प्लमच्या सरबतावर राहिले. तूच पाठवलेलं सरबत, दर जूनमध्ये लसणाच्या पोत्याबरोबर येतं त्या खोक्यातलं. तिसऱ्या दिवशी पिल्रे आली ती दोरा आणि सुई घेऊनच. "आण तो अंगठा. काळं पडलंय तोंड, अडकलंय सगळं."

मी सपाता न घालता पळाले. एवढ्या जड छातीनं जिना उतरले, विचार कर! पिल्रे मागून शिव्या देत आली. "सुई नको ना? मग चल, दवाखान्यात चल, गोळी तरी गीळ, पण मरू नकोस माझ्या दारात!" कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहिली.

ते सगळं कळल्यापासून मी एकच हिशेब मांडत बसलेय. आईला सुईची भीती नव्हती. छातीत अडकल्यासारखं झालं, तिनं सुखानं अंगठा पुढे केला. तू टोचलंस, काळं रक्त आलं, ढेकर आली, ती म्हणाली बरं वाटतंय, आणि आडवी झाली. मला भीती होती, म्हणून मी पळाले, आणि पळाले म्हणून दवाखान्यात पोचले. तू लावलेल्या भीतीनं मला वाचवलं, ताई. मागच्या पत्रात ज्याबद्दल तुला बोल लावला, त्याच्याबद्दल आज आभार मानायची वेळ आलीय. माणसानं पत्र टाकायच्या आधी दोनदा विचार करावा तो असा.

आणि आईचं तुला कळलं नाही, तर मला तरी कुठं कळलं? छाती माझी स्वतःची, तरी दोन दिवस मी तिला अपचन म्हणत होते. तुझ्या हातात तर आईची एकच दुपार होती. आपल्याकडे कुणीही तेच केलं असतं. कुणीही दोराच शोधला असता.

"सुईनं मारलंस आईला." आईला पोचवायला आलेल्या सगळ्या माणसांसमोर मी हे म्हणाले. तू आत गेलीस आणि पाहुण्यांना मयताच्या जेवणाचा तिखट रस्सा वाढायला लागलीस. मला तेव्हा वाटलं, बघा, हिला काही वाटतच नाही.

ते वाक्य मी मागे घेते. अकरा वर्षांचं शिळं वाक्य, आता घेऊन तरी कुठं ठेवणार. पण घेते.

जूनमध्ये दर वर्षी येणाऱ्या लसणाबद्दलही लिहायचं होतं. पहिल्या वर्षीचं पोतं मी रागानं पिल्रेला देऊन टाकलं होतं. दुसऱ्या वर्षापासून माझ्या प्रत्येक किमचीत तुझाच लसूण आहे, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्या हाताला चव आहे. मी मुकाट्यानं हो म्हणते.

म्योंगरे


मासान, १४ नोव्हेंबर

ताई,

तुझं खोकं आलं.

जूनशिवाय तुझं खोकं कधी येत नाही, म्हणून पोस्टमनही दोनदा नाव वाचत होता. वर आपल्या परसातली पर्सिमनं, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली, अजून टणक. आधी मला कळेना, दाढदुखीच्या माणसाला ही टणक फळं कशाला. मग पिल्रेनं डोक्यात टपली मारली. "अगं येडे, आठवड्यानं मऊ होतील. दाढ काढल्यावर दुसरं काय गिळणार आहेस? तुझी बहीण तुझ्यापेक्षा दहा पावलं पुढे आहे."

फळांच्या खाली दोऱ्याचं रीळ होतं. पांढरा, जाड, रजया शिवायचा दोरा.

मी काय केलं ते सांगते, हस हवं तर. किमची वाढायचा लांब चिमटा आणला आणि खोक्यातला कागदन्‌कागद चिमट्यानं उचलून पाहिला. दोरा आहे म्हणजे सुई असणारच कुठंतरी टोचून ठेवलेली. रीळ उलटंपालटं केलं, खोकं झटकलं. सुई नव्हती. तळाशी कॅलेंडरचं पान होतं, मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं.

"सुई घरात नाही. आई गेल्यापासून ठेवली नाही. दोरा आहे तो पाठवते. गच्च बांध. जेवत जा."

मी दुकानातल्या पाटावर बसले. गिऱ्हाईक आलं, पालक मागायला लागलं, पिल्रेनंच वाढून दिला.

ताई, साऱ्या वाडीतल्या नवऱ्या मुली तुझ्या हातच्या रजया घेऊन सासरी गेल्या. माझीही त्यातलीच. तिच्यावर तू लाल काठ इतक्या बारीक टाक्यांनी लावलास की माझी सासू भिंग घेऊन बघत होती. त्या बाईच्या घरात अकरा वर्षं सुई नाही. आणि मला कळायला हवं होतं गं! पूर्वी तुझ्या लसणाच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असायचं, आईनंतर नुसत्या सुतळीच्या गाठी यायला लागल्या. मी दर जूनमध्ये त्या गाठी सोडताना म्हणायची, बघा, राग गाठी मारून पाठवलाय. राग नव्हताच. सुई नव्हती.

भित्री मी एकटीच आहे असं मला आजवर वाटत होतं. मला तू भित्री केलंस म्हणून मी गावभर सांगत फिरले, आणि तुला मी काय करून ठेवलं ते मला माहीतच नव्हतं.

पिल्रे तुझी चिठ्ठी वाचून डोळे पुसत होती. म्हणे कांदा झोंबला. तिच्या गाळ्यात कांदा नसतो.

वीस तारखेची वेळ घेतलीय. त्यानंतर बावीसला दोनच दिवस उरतात. दोरा घेऊन जाते.

म्योंगरे


मासान, २१ नोव्हेंबर

ताई,

निघाली.

गाल अजून सुजलाय, बोळा चावून चावून जबडा दुखतोय, पण निघाली. तुला सगळं सांगते. बोलता येत नाही, तेव्हा आज लिहिण्यावाचून दुसरं कामच नाही.

काल सकाळी खुर्चीत बसल्यावर मी पिशवीतून रीळ काढलं. एका हातानं दोरा गुंडाळता येतो, गाठ मारता येत नाही. मी पिल्रेपुढे उजवा अंगठा केला. तिनं मासे बांधतात तशी गच्च गाठ मारली. नर्स बघत होती. ती इथलीच, दोरा पाहून तिला वाटायचं ते वाटलं. "मावशी, पोट बिघडलंय का? मग आज दाढ नको."

"पोट ठीक आहे," पिल्रे म्हणाली, "हिचं डोकं बिघडलंय. तुम्ही चालू करा."

डॉक्टरीणबाईला दोऱ्याचं काही कळेना. तिनं विचारलं, "हे कशासाठी?" मी सांगितलं, "माझ्या बहिणीनं पाठवलाय." तिला तेवढं पुरलं. म्हणाली, "मग तुम्ही त्या अंगठ्याकडेच बघा. माझ्याकडे बघू नका. अंगठा कसा दिसतोय ते मनात सांगत राहा."

मलम लावलं, तोंड बधिर व्हायला लागलं. मी अंगठा डोळ्यांसमोर धरला. आधी लाल झाला, मग जांभळा, नखाखाली फुगला, टचटच करायला लागला. साठ वर्षांची मी, आणि मला पुन्हा तीच वाट बघणं आलं, आता टोचणार, आता टोचणार. पळून जावंसं वाटलं. पाय खुर्चीवरून खालीसुद्धा सोडला होता.

आणि तेव्हा मला दुसरा अंगठा आठवला.

ताई, मी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली, पिल्रेला सांगितली, दर सणाला भरल्या घरात हसत हसत सांगितली, आणि दर वेळी अर्धीच सांगितली. आधी दोरा तू तुझ्या अंगठ्याला गुंडाळायचीस. मला मांडीवर घेऊन आधी स्वतःच्या डाव्या अंगठ्यात सुई खुपसायचीस आणि म्हणायचीस, "हे बघ, काही होत नाही. माझं बघ, आणि मग रड." प्रत्येक वेळी. पोट माझं दुखायचं आणि रक्त आधी तुझं निघायचं. तुझ्या नखाखाली काळी टिंबं असायची, कायम. पंधरा वर्षांची होतीस तू. आई टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव खारवलेली मासळी विकत फिरायची, आणि तू शाळा सोडून माझ्याजवळ होतीस. तुला कोण होतं आधी स्वतःला टोचून दाखवायला?

हे मी विसरले नव्हते. मी ते सांगत नव्हते, कारण ते सांगितलं की माझ्या गोष्टीत मग दुष्ट कुणीच उरत नव्हतं.

मी पाय परत वर घेतला. तोंड उघडलं.

"एक," डॉक्टरीणबाई म्हणाली. टोचलं. टोचलं नाही असं मी म्हणणार नाही, चांगलं टोचलं. "दोन." मी अंगठ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ताईचं बघ, मग रड. "तीन. झालं मावशी, सुई बाहेर आली." डावा हात मी वर केला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि ती घाबरून विचारत होती, "खूप दुखलं का? थांबू का?" तोंड अर्धं बधिर, मी काय सांगणार? मान हलवली नुसती. पिल्रेनं दारातून सांगितलं, "तुम्ही चालू ठेवा. हे तुमच्या सुईचं नाही, जुनं आहे."

पुढच्या दोन टोचण्या कळल्याही नाहीत. दाढ काढताना दुखलं नाही. पाऊस नसलेल्या वर्षी मुळा उपटावा तसं ओढणं, हलवणं आणि कर्रकन्‌ आवाज तेवढा झाला. मग डॉक्टरीणबाईनं चिमट्यात धरून दाखवली. एवढ्याशा त्या हाडासाठी मी महिनाभर गल्लीची करमणूक केली होती.

पिल्रेनं अंगठ्याचा दोरा सोडला. रक्त परत आलं तेव्हा मुंग्या आल्या. डॉक्टरीणबाईनं माझा अंगठा हातात घेऊन स्वतः चोळला, तो पुन्हा गुलाबी होईपर्यंत. आणि म्हणाली, "तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. मी शिकले त्यात हे नव्हतं." म्हणून सांगितला. मी तिच्यासाठी आज लसूण घालून तळलेल्या सुकटीचा डबा पाठवला. लसूण तुझाच आहे, तेव्हा अर्धे आभार तुझ्याकडून गेले असं धर. चावलेल्या बोटाचं प्रायश्चित्त राहिलंच आहे, त्यासाठी किमची घालीन तेव्हा एक मडकं.

पर्सिमनं आज सकाळी बोटानं दाबून पाहिली. मऊ झालीत. एक चमच्यानं खाल्लं. तू दिवस बरोबर मोजले होतेस.

मोठ्या इस्पितळातून कागद आले आहेत. त्यात एक रकाना होता, ऑपरेशनच्या वेळी बाहेर थांबणारं घरचं माणूस कोण, नातं काय, फोन नंबर काय. मी तुला न विचारता तुझं नाव लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, थोरली बहीण. नंबर शोधावा लागला नाही. अकरा वर्षं लावला नाही, पण विसरलेही नाही.

नको असेल तर कळव. खोडून पिल्रेचं लिहीन. ती तयारच आहे, पण तिनं ऑपरेशनच्या खोलीबाहेर सगळ्यांना हसवलं तर डॉक्टरांचे हात हलतील.

म्योंगरे


मासान, २४ नोव्हेंबर

ताई,

काल तुझा फोन आला. "जेवलीस का?" विचारलंस. मी म्हटलं, "जेवले." तू गप्प, मी गप्प. मग तू म्हणालीस, "रविवारी किमची घालणार आहे. कोबी दीडशे आहेत. माझ्या एकटीनं होणार नाहीत." आणि ठेवलास. दरवर्षी तुझ्या एकटीनं कशा होतात ते मी विचारलं नाही.

मी रविवारी सकाळच्या बसनं येते. हे पत्र माझ्या आधी पोचेल, म्हणून लिहून ठेवते. समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही.

दाढ बरोबर आणतेय. दवाखान्यात सही करून मागून घेतली. आपण दुधाचे दात छपरावर फेकायचो आणि पाखराला सांगायचो की जुना घे, नवा दे, तशी ही तू फेक. माझा हात सध्या एवढा वर नेऊ नको म्हणतात, आणि नेम तुझाच चांगला होता. नवा दात येणार नाही हे मला माहीत आहे. पाखराला म्हणावं, नवी झडप मागितलीय, तेवढी दे.

कोबी मी उचलणार नाही, मसाला मात्र मीच चोळणार. तुझ्या हातानं मीठ नेहमी जास्त पडतं.

आणि एक. माझ्या निळ्या कोटाचं वरून दुसरं बटण मागच्या थंडीत तुटलं. छातीवरचं. वारा तिथूनच शिरतो. बटण खिशात आहे. दोऱ्याचं रीळ आणतेय, तुझंच. आणि काल मी बाजारात जाऊन सुईचं पाकीट घेतलं. स्वतः घेतलं, स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवलं. पिल्रेनं गल्लीभर पेढे वाटावे तसे वाटाणे वाटले.

तू चष्मा लाव, उजेडात बस आणि ते बटण लाव. तुझे हात थरथरतील, थरथरू देत. मी कोट अंगातून काढणार नाही, ताई. तसाच लाव. मी बघत बसेन.

म्योंगरे